खाडीकाठच्या पक्ष्यांसाठी काम करायचंय? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी पहिल्या वर्षाची वाटचाल

थंडीची चाहूल लागली की खाडीत रोहित (फ्लेमिंगो) कधी उतरणार याची विचारणा सुरू होते. तिच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो: पक्ष्यांसाठी काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू? हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. पक्ष्यांवर प्रेम करणारे इथे पुष्कळ आहेत. तुटवडा आहे तो एकच जागा धरून वर्षभर तिथे जाणाऱ्या आणि जे दिसलं ते लिहून ठेवणाऱ्या माणसांचा. पुढचं सगळं त्याच हिशेबाने वाचा.

आधी काम निवडा, मग गट

पक्षीसंवर्धनाच्या नावाखाली चार वेगवेगळी कामं चालतात आणि प्रत्येकाला वेगळा स्वभाव लागतो. मोजणी आणि नोंदीला सकाळी लवकर उठण्याची तयारी आणि चिकाटी हवी. जखमी पक्ष्यांच्या सुटकेला वेळी-अवेळी फोन उचलावा लागतो आणि रक्त बघवावं लागतं. पाणथळ जागांवर लक्ष ठेवून तक्रारी करायच्या तर कागदपत्रांचा कंटाळा चालत नाही. आणि शाळांत, सोसायट्यांत जाऊन पक्षी दाखवायचे तर बोलायची हौस लागते. पहिल्या वर्षी मोजणीपासूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. पक्षी ओळखता येत नसतील, त्यांचं रोजचं वागणं माहीत नसेल, तर बाकीची तिन्ही कामं अर्धवट होतात. घारीचं पिल्लू आजारी आहे की नुसतं उडायला शिकतंय, हे ज्याने पिल्लं पाहिलीच नाहीत त्याला कसं कळणार?

घराजवळची एक जागा धरा

घरापासून वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचता येईल अशी जागा घ्या. लांबची जागा चार रविवार टिकते, मग लग्नं येतात, परीक्षा येतात आणि जाणं सुटतं. ठाण्यात राहत असाल तर येऊरचं जंगल आहे, उपवन आहे, अगदी मासुंदा तलावही चालेल. तलावपाळीवर गर्दी असते, पण पाणकावळे, वंचक आणि खंड्या त्या गर्दीला सरावलेले आहेत. नवख्याला जवळून बघायला मिळतात. ऐरोली, वाशी, नेरूळ, सीवूड्स इथल्या लोकांना तर खाडी दाराशी आहे. पनवेल-खारघरवाल्यांना डोंगर आणि पलीकडे कर्नाळा.

खाडीची ओळख थोडक्यात करून घ्या, कारण गटात हे शब्द सतत येतात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यात तिवरांचं जंगल, म्हणजे कांदळवनही आहे आणि पाणीही. २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. या हद्दीच्या आत काम करायचं तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाशी संबंध येतो. ऐरोलीचं सागरी व किनारी जैवविविधता केंद्र त्यांचंच. नेरूळ-सीवूड्स परिसरातले डीपीएस तलाव, टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागची पाणथळ जागा, ही ठिकाणं मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेरची. आणि नेमकं तिथेच स्वयंसेवकांच्या डोळ्यांची गरज जास्त आहे. कारण पुढे भरतीच्या गोष्टीत येतंय.

गट कसा पारखायचा

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) १८८३ पासून काम करते आहे; तिच्या सहली आणि गणना सदस्य नसलेल्यांसाठीही अधूनमधून खुल्या असतात. ठाण्यात पर्यावरण दक्षता मंडळ आहे. राज्यपातळीवर महाराष्ट्र पक्षिमित्र संघटना. याशिवाय प्रत्येक उपनगरात पाच-पन्नास जणांचे छोटे गट आहेत आणि खरं काम बरंचसं तेच करतात. गटाशी जुळण्याचा सोपा मुहूर्त म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षीसप्ताह. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर, म्हणून महाराष्ट्रात हा आठवडा साजरा होतो. त्या दिवसांत जवळपास प्रत्येक गटाची एखादी मोफत फेरी असते.

पहिल्या फेरीला जा, पण लगेच वर्गणी भरू नका. आधी बघा. गटप्रमुख फेरीनंतर यादी करतात का? मागच्या वर्षीच्या नोंदी विचारल्या तर दाखवतात का? घरट्यापाशी गेल्यावर माणसं मागे सरतात की मोबाईल पुढे काढतात? घुबडाची जागा सगळ्यांना पाठवली जाते का? मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावणारा, विणीच्या काळात घरट्याचे फोटो टाकणारा गट कितीही मोठा असला तरी सोडा. जखमी पक्षी घरी ठेवून घेणाऱ्यांपासून तर लांबच राहा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार रानपक्षी जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

मुलांना न्यायचं असेल तर आधी विचारून घ्या आणि स्वतः सोबत राहा.

सामान

दुर्बीण ८×४२, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी. दहा पटीची घेऊ नका, हात हलतो आणि नवख्याला पक्षी सापडतच नाही. पहिले दोन महिने गटातली उसनी वापरा. मातकट किंवा खाकी कपडे, टोपी, पाण्याची बाटली, डासांचं मलम, खिशात मावणारी वही आणि पेन्सिल. दवाने ओल्या झालेल्या कागदावर शाई पसरते. ओळखपत्र नेहमी जवळ हवं. कॅमेरा असला तर आणा, नसला तरी काहीही अडत नाही.

भरतीचं गणित शिका

खाडीकाठी घड्याळ पाण्याचं चालतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर दूरवर विखुरतात. छोटा रोहित पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ गाळून खातो, मोठा रोहित चिखलातले बारीक जीव, तुतवार आणि चिखले हे छोटे किनारपक्षी अळ्या-किडे टिपतात. त्या वेळी काठावरून फक्त ठिपके दिसतात. पाणी चढायला लागलं की चिखल आक्रसतो आणि थवे काठाकडे सरकतात. भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास खाडीकाठच्या निरीक्षणाला सर्वांत चांगले.

पूर्ण भरती झाली की चिखल उरतच नाही. मग हे हजारो पक्षी जातात कुठे? खाडीलगतच्या उथळ तलावांवर, मिठागरांवर. नेरूळचं डीपीएस तलाव, चाणक्यचा परिसर ही त्यांची भरतीच्या वेळची टेकायची जागा आहे. म्हणून खाडीची मोजणी चढत्या पाण्यात करायची आणि तलावांची मोजणी ऐन भरतीला. आणि म्हणूनच तलावात पाणी येण्याची वाट बुजली, तलाव सुकलं किंवा उलट फार खोल झालं, तर फटका सगळ्या खाडीतल्या पक्ष्यांना बसतो. कागदावर ते तलाव अभयारण्यात नसेल. पक्ष्यांच्या दिवसात ते आहे.

वेळ काढायला वेळापत्रक मिळतं, पण कोळीवाड्यातला जुना हिशेब पाठ करून ठेवा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास बारा. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत हेच. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. खाडीत ठाण्याच्या बाजूला वर जावं तशी वेळ थोडी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं. अष्टमीच्या आसपास भांग, त्यात चिखल पुरता बुडतही नाही. रविवारी सकाळी फेरी ठरवताना आधी तिथी बघा. चतुर्थीच्या सकाळी आठला खाडीवर गेलात तर पाणी उतरलेलं असेल आणि पक्षी लांब. गटात नव्याने आलेला माणूस हे गणित मांडायला लागला की जुन्यांच्या नजरेत त्याची किंमत वाढते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आणि काठावर जाळं आवरत बसलेल्या माणसाला विचारायला लाजू नका. 'काका, पाणी कधी चढतंय आज?' एवढ्या प्रश्नावर खाडीचा चाळीस वर्षांचा इतिहास ऐकायला मिळतो: निवट्या (चिखलातले मासे) कुठे होत्या, खेकडे कधी कमी झाले, रोहित आधी कुठल्या बाजूला बसायचे. त्यातलं लिहून ठेवण्यासारखं पुष्कळ असतं.

एक कडक सूचना. चिखलात उतरू नका. वरून घट्ट दिसतो, पाय मांडीपर्यंत जातो आणि कालवांच्या शिंपल्या ब्लेडसारख्या कापतात. तिवरांच्या बांधावर एकट्याने जाऊ नका, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय अजिबात नाही.

मोजायचं कसं

पाचशे रोहित एकदम पाहिल्यावर माणूस 'हजारो' म्हणून मोकळा होतो. या शब्दाचा कुणालाच उपयोग नाही. पद्धत अशी: थव्याच्या एका टोकाला दहा पक्षी नीट मोजा. त्या दहांनी दुर्बिणीत किती जागा व्यापली ते डोळ्यात धरा. त्याच मापाने पुढे सरकत शंभर करा. मग शंभराचं माप धरून उरलेला थवा. थवा कुठे दाट कुठे विरळ असतो, म्हणून दाट भागाला माप पुन्हा घ्या. दोघांनी एकमेकांना न सांगता मोजायचं आणि नंतर आकडे पडताळायचे. फरक फार आला तर तिसऱ्यांदा मोजा. सरासरी काढून वेळ मारून नेऊ नका. थवा उडाला आणि मोजणी राहिली, तर 'रोहित होते, मोजता आले नाहीत' असं लिहा. अंदाजाने ठोकलेल्या आकड्यापेक्षा ते कधीही बरं.

रोहितांमध्ये तीन रकाने करा. मोठा रोहित उंच, पांढुरका, गुलाबी चोचीला काळं टोक. छोटा रोहित बुटका, जास्त गुलाबी, चोच गडद किरमिजी-काळी. तिसरा रकाना पिल्लांचा: राखाडी-तपकिरी, गुलाबीचा मागमूस नसलेली. हा तिसरा रकाना बहुतेक जण सोडून देतात आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रोहितांची वीण कच्छच्या रणात होते. पिल्लांचं प्रमाण बघून तिकडे वीण कशी झाली याचा अंदाज इथे ऐरोलीत बसून बांधता येतो.

सगळ्यांचं लक्ष गुलाबी पक्ष्यांकडे असतं. त्यांच्या पायाशी वावरणारे शेकाट्या, उचाट्या, पाणटिवळे, तुतवार यांना मोजणारे फार थोडे. त्यातले कित्येक हिमालय ओलांडून, उत्तर आशियातून इथे येतात. सुरुवातीला सगळे तुतवार सारखेच दिसतात, तर 'तुतवार, जात अनिश्चित, १२०' असं बिनदिक्कत लिहा. एखाद्याच्या पायात रंगीत पट्टी दिसली तर रंग, कोणता पाय, गुडघ्याच्या वर की खाली, त्यावरची अक्षरं हे सगळं टिपा आणि गटामार्फत बीएनएचएसला कळवा.

वहीतली नोंद अशी दिसावी:

वाशी, सागर विहार. शुद्ध एकादशी. भरती अंदाजे ८:३०. निरीक्षण ६:४५ ते ७:३०, चढतं पाणी, आभाळ स्वच्छ, वारा नाही. छोटा रोहित ३४०, पिल्लं २६. शेकाट्या ४५. राखी बगळा ३. कुरव (सीगल) सुमारे २००, माणसं शेव-गाठिया टाकत होती. घार ९. कावळे १५. साळुंकी ६. दोघे निरीक्षक.

कावळे आणि साळुंक्या गाळू नका. घरी येऊन हीच यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरायची असते आणि तिथे 'ओळखलेले सगळे पक्षी नोंदवले आहेत का' असा प्रश्न असतो. उत्तर 'हो' असेल अशाच याद्यांतून पुढे कल काढता येतात. पंधरा मिनिटांची पूर्ण यादी ही तीन तासांच्या निवडक यादीपेक्षा कामाची. २०२३ साली प्रसिद्ध झालेला भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा राष्ट्रीय अहवाल सुमारे तीस हजार हौशी निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे; त्यात ९४२ जातींचा आढावा आहे. आपली वाशीची सकाळ त्या ढिगात जाते. आणि तलावावर गेलात, काहीही नव्हतं, तर शून्य लिहा. पुढे तलाव सुकल्याचं सिद्ध करायची वेळ आली तर तीच शून्यं कामी येतात.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून चालू आहे. तोवर दोन महिने वही भरलेली असली तर गटप्रमुख तुम्हाला हमखास एखादी जागा सोपवतील. फेब्रुवारीत परसबागेतल्या पक्ष्यांची जागतिक गणना, तीत सोसायटीची गच्चीही चालते.

पक्षी पडलेला सापडला तर

गटात नाव आलं की शेजारपाजारचे फोन यायला लागतात. मार्च ते जून बहुतेक फोन पिल्लांचे. पहिला प्रश्न विचारायचा: अंगावर पिसं आहेत का, फुदकतंय का? असेल तर ते उडायला शिकतंय, आई-बाप आसपास आहेत. मांजर-कुत्रं आवरा, पिल्लू जवळच्या फांदीवर ठेवा आणि लांब व्हा. उघडं, डोळे न उघडलेलं पिल्लू असेल आणि घरटं हाताला येत असेल तर परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही समजूत खरी नाही.

खरोखर जखमी असेल तर पुठ्ठ्याचं खोकं, त्याला भोकं, तळाशी सुती कापड. टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. घार किंवा घुबड असेल तर आधी जाड कापड डोक्यावरून टाका. चोचीपेक्षा पंजे धोक्याचे. खोकं बंद, अंधारं, शांत जागी. चोचीत पाणी ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं. दूध-पाव, भात काही नाही. मग वनविभागाची १९२६ ही मदतवाहिनी आणि गटातले सुटका करणारे. पक्षी नेमका कुठे सापडला ते खोक्यावरच लिहा, बरा झाल्यावर तिथेच सोडायचा असतो.

संक्रांतीच्या आठवड्यात मांज्याचं काम असतं. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो झाडांवर वर्षभर लोंबत राहतो. पंखात रुतलेला धागा ओढायचा नाही. पंख मिटलेल्या अवस्थेत धरा, धाग्याचा झाडाकडचा भाग कापा, अंगातला तसाच राहू द्या, तो डॉक्टर काढतील. उंच झाडावर किंवा विजेच्या तारेवर असेल तर अग्निशमन दल. स्वतः चढू नका. संक्रांतीनंतरच्या रविवारी झाडांवरचा मांजा उतरवून गोळा करण्याची मोहीम प्रत्येक सोसायटीला करता येते.

मेलेला पक्षी, विशेषतः एकापेक्षा जास्त, उघड्या हाताने उचलू नका आणि पुरूनही टाकू नका. फोटो, जागा, वेळ घेऊन वनविभागाला कळवा, शवविच्छेदन त्यांनी करायचं असतं. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरजवळ विमानाच्या धडकेत तीसहून जास्त रोहित गेले, तेव्हा पडलेले पक्षी पाहून तातडीने फोन करणारे स्थानिक लोकच होते.

जागेसाठी भांडायचं तर कागद हवा

तलावात येणारी पाण्याची वाट बुजलेली दिसली, रात्रीत राडारोडा पडला, तिवरं जळाली, तर आधी फोटो. तारीख आणि स्थान फोटोतच यावं. महिन्यातून एकदा त्याच जागी उभं राहून त्याच दिशेने काढलेले फोटो एकापुढे एक लावले की वेगळं स्पष्टीकरण लागत नाही. अर्जात कुणी केलं याचा तर्क लिहू नका. काय बदललं, कधी बदललं, त्यासोबत आपल्या मोजणीतले आकडे, एवढंच.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत अधिकारावर घाला असल्याचं म्हटलं; कांदळवनांभोवतीच्या पन्नास मीटरच्या पट्ट्यालाही संरक्षण आहे. तक्रार कांदळवन कक्षाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या. न्यायालयाच्या आदेशाने नेमलेली, कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालची समितीही आहे. त्यांचं कार्यालय बेलापूरला कोकण भवनात. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

सफाई आणि लागवड

किनारा सफाईला जरूर जा. तिवरांच्या श्वसनमुळांत अडकलेलं प्लास्टिक हातानेच निघतं. पण ओहोटीची वेळ धरा, आणि पक्षी चरत असलेल्या चिखलाच्या बाजूला गोंगाट करत जाऊ नका. लागवडीबाबत मात्र सावध राहा. उघड्या चिखलावर तिवरं लावण्याचे कार्यक्रम होतात, फोटो छान येतात. तो चिखल ओसाड नसतो, पाणटिवळ्यांचं आणि तुतवारांचं ते ताट आहे. तिथे झाडं उभी राहिली की हे पक्षी जातात. असा कार्यक्रम ठरत असेल तर जागा आधी कुणी तपासली ते विचारा, आणि समाधानकारक उत्तर नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.

पावसाळ्यात काय?

मे-जूनमध्ये रोहित निघून जातात आणि अर्धे स्वयंसेवकही. पण शहरातल्या पक्ष्यांचा खरा कामाचा काळ तेव्हाच सुरू होतो. रस्त्याकडेच्या मोठ्या पर्जन्यवृक्षांवर बगळे आणि वंचक एकत्र घरटी करतात. खाली गाड्यांवर विष्ठा पडते, वास येतो आणि फांद्या तोडण्याची मागणी होते. त्याआधी, एप्रिल-मेमध्ये, पावसाळापूर्व छाटणी असते आणि कावळ्यांची घरटी फांद्यांसकट खाली येतात.

म्हणून मार्च संपण्याआधी आपल्या भागातल्या घरटी असणाऱ्या झाडांची यादी करा: रस्ता, जवळची खूण, झाडाची जात, मागच्या वर्षी कोणाची घरटी होती. ती महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला लेखी द्या आणि त्या झाडांची छाटणी पावसाळा संपेपर्यंत पुढे ढकलण्याची विनंती करा. धोकादायक फांदी असेल तर तेवढीच काढू द्या, अडवू नका. सोसायटीच्या कार्यकारिणीला वेगळं पत्र लागतं, कारण आवारातल्या छाटणीचा अर्ज त्यांच्याकडूनच जातो. पत्रात गाड्या तीन महिने कुठे लावता येतील हे सुचवलंत तर सचिव ऐकून घेतात. पिल्लं खाली पडली तर कुणाला फोन करायचा तो क्रमांक पहारेकऱ्याच्या चौकीत लावा, आणि त्या दादांशी एकदा समोरासमोर बोलून ठेवा. पहाटे पाच वाजता पिल्लू त्यांनाच दिसणार आहे.